निकालाआधीचं बोलणं

सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्यात पुरुषोत्तम करंडक स्पर्धेच्या परीक्षकांनी जाहीर केलं की अंतिम फेरीतली एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही, म्हणून यंदा करंडक कोणालाच दिला जाणार नाही. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून महाविद्यालयीन मुलांसाठी ही स्पर्धा भरवते. भरत नाट्य मंदिरात प्रयोगाआधी ‘अरे आवाज कुणाचा’ ही आरोळी उठते, अख्खं नाट्यगृह आपापल्या कॉलेजचं नाव घेऊन उत्तर देतं, आणि पडदा सरकला की तीच मुलं चिडीचूप होऊन दुसऱ्या कॉलेजची एकांकिका बघतात. पावसाळाभर तालमी करून आलेल्या या मुलांच्या पदरात ‘कोणीच नाही’ असा निकाल पडला तेव्हा खळबळ उडणं साहजिक होतं.

वर्तमानपत्रांत आणि समाजमाध्यमांवर वाद झाला. काहींना वाटलं, उमलत्या मुलांचा हिरमोड केला. काहींनी परीक्षकांची पाठ थोपटली, दर्जाशी तडजोड केली नाही म्हणून. या सगळ्यात मला एक गोष्ट फार लागली. परीक्षकांनी निर्णयाचं कारण सांगितलं होतं. एकांकिकांत नाट्यात्मता कमी पडली, मांडणीवर चित्रपट आणि मालिकांचा प्रभाव जास्त होता, असं त्यांचं म्हणणं होतं. हे खरं आहे का? कोणत्या प्रवेशात खरं आहे? दिवे विझवून झटपट स्थळ बदलणं हा चित्रपटाचा प्रभाव, की आजच्या मुलांची नैसर्गिक भाषा? रंगमंचाने पडद्याकडून काही घेऊच नये का? एवढ्या मोठ्या वादात या प्रश्नांच्या वाट्याला फार थोडी जागा आली. वाद झाला तो परीक्षकांना असा अधिकार आहे का यावर. त्या एकांकिका शेकडो जणांनी एकत्र बसून पाहिल्या होत्या. एवढे साक्षीदार असताना साक्ष कुणी फारशी दिली नाही.

आपल्याकडे एकत्र बघणं भरपूर आहे आणि निकालही भरपूर आहेत. दोन्हींच्या मध्ये जे बोलणं असायला हवं ते आटत चाललं आहे, आणि त्याच्याविना पहिल्या दोन गोष्टींना कलेच्या दृष्टीने फार अर्थ उरत नाही, असं माझं म्हणणं आहे. एकच गोष्ट पाहिलेल्या माणसांनी एकमेकांसमोर आपल्या मताचं कारण सांगणं, ते कारण कलाकृतीत बोट ठेवून दाखवणं, समोरच्याने ते खोडणं किंवा मान्य करणं, आणि यातून प्रत्येकाला ती कलाकृती आधीपेक्षा जास्त दिसणं: याला मी एकत्र पारख करणं म्हणतो. टाळ्या, गुण, तारे, करंडक ही त्याची फार तर शेवटची नोंद असते.

हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या सिद्धीबद्दल, म्हणजे प्रयोग यशस्वी झाला हे ओळखायचं कसं याबद्दल आहे. रसाच्या अध्यायाची जेवढी पारायणं झाली त्या मानाने या अध्यायाकडे फारच कमी लक्ष गेलं. तिथे प्रेक्षकांच्या प्रतिसादाची बारकाईने यादी केली आहे: हलकं स्मित, अर्धं हसू, मोठं हसू, ‘साधु’ म्हणणं, ‘अहो’ म्हणणं, करुण प्रसंगी ‘कष्टम्’ असा उद्गार काढणं, मोठ्याने गजर करणं, आणि शरीराचे प्रतिसाद वेगळे, अंगावर रोमांच येणं, जागेवरून उठणं, अंगावरचं वस्त्र किंवा बोटातली अंगठी रंगमंचाकडे टाकणं. ही सगळी मानुषी सिद्धी. दैवी सिद्धी निराळी. नाट्यगृह भरलेलं आहे, आवाज नाही, चुळबुळ नाही, कसलाही उत्पात नाही, ती दैवी. भरगच्च नाट्यगृहातली शांतता हा टाळ्यांपेक्षा वरचा प्रतिसाद आहे, हे ज्याने कुणी लिहिलं त्याने कितीतरी प्रयोग प्रेक्षागृहात बसून पाहिले असणार.

पण अध्याय प्रतिसादावर थांबत नाही, आणि मला त्याचं मोल वाटतं ते इथून पुढे. प्रेक्षक कसा असावा याची गुणांची लांबलचक यादी देऊन झाल्यावर ग्रंथ लगेच कबूल करतो की हे सगळे गुण एका माणसात सापडणार नाहीत. तरुण कशाने खूश होतात, विद्वान कशाने, शूर कशाने, हे वेगवेगळं असतं. मग प्रयोगांच्या गुणवत्तेवरून तंटा उभा राहिला तर निवाडा कोणी करायचा? त्यासाठी प्राश्निक सांगितले आहेत. यज्ञकर्म जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, राजा, धनुर्विद्या जाणणारा, चित्रकार, वेश्या, गायन-वादन जाणणारा आणि राजाचा सेवक असे हे दहा जण आहेत. प्रत्येकाचा प्रांत ठरलेला. रंगमंचावर यज्ञ दाखवला तर तो बरोबर झाला का हे यज्ञ जाणणारा सांगेल, अभिनय नर्तक पाहील, वेषभूषा चित्रकार पाहील, शृंगारातला खरेपणा वेश्या ओळखेल, आणि राजदरबारात कोण कुणापुढे कसं वाकतं हे राजसेवकाइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांच्या जोडीला गुणदोषांची नोंद करणारे लेखक आणि मोजदाद करणारे गणक. विजेत्याला पताका.

हा ग्रंथ ज्या समाजात लिहिला गेला तो समतेचा समाज नव्हता, आणि तसा तो होता असं मी भासवणार नाही. तरी या रांगेत यज्ञवेत्ता आणि वेश्या एकाच कामासाठी बसले आहेत, कारण दोघांना दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि नाटकाला दोन्हींची गरज आहे. दहांच्या मताची सरासरी काढायची अशी ही कल्पना नाही. धनुष्य धरलेल्या नटाचे पाय चुकीचे पडले हे एकट्या धनुर्धाऱ्याला दिसलं तर बाकीच्या नऊ जणांच्या ‘आम्हाला तर ठीक वाटलं’ला तिथे किंमत नाही. त्याने दाखवल्यावर त्यांनाही ते दिसतं, ही खरी गोष्ट.

अर्थात सत्ता समोर बसली की हे सगळं कसं वाकतं हेही आपल्या वाङ्मयात नोंदलेलं आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’मध्ये गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा श्रेष्ठत्वावरून तंटा होतो आणि निवाड्यासाठी परिव्राजिका कौशिकीला नेमतात. गणदासाची शिष्या मालविका नाचून दाखवते. राजाला तिलाच पाहायचं होतं, विदूषकाने सगळा घाट त्यासाठीच घातला होता आणि परिव्राजिकाही त्यात सामील होती. हरदत्त म्हणतो, आता माझा प्रयोग पाहा. राजाचं काम झालेलं असतं, तो वरवर उत्सुकता दाखवतो, तेवढ्यात वैतालिक मध्यान्ह झाल्याची वर्दी देतो आणि हरदत्ताचा प्रयोग उद्यावर जातो. त्याच्या शिष्येला आपण नाटकभर पाहत नाही. वशिल्याचा वास येणारा निकाल लागल्यावर मुलं हताश होऊन विंगेत सामान आवरत असतात, तेव्हा मला हा हरदत्त आठवतो. पण याला उपाय म्हणून पारखच नको म्हटलं तर हरदत्ताचं काय भलं होणार? त्याची मागणी साधी होती: माझंही पाहा, आणि पाहून बोला.

पारखच नको म्हणणारे लोक आज खूप आहेत, आणि ते सज्जन आहेत. त्यांचं म्हणणं असं की कला ही अनुभवण्याची गोष्ट आहे, प्रत्येकाची आवड वेगळी, त्यावर वाद कशाला घालायचा. ऐकायला हे उदार वाटतं. आवड वेगळी असते हे खरंच आहे. मात्र नाटक पाहून बाहेर पडल्यावर ‘मला नाही आवडलं’ असं कुणी म्हणालं तर आपण विचारतो, ‘का?’ कुणाला कारलं आवडत नाही म्हटल्यावर आपण असं कारण मागत नाही. कलेच्या बाबतीत मागतो, कारण आपल्याला आतून वाटत असतं की त्याने काहीतरी पाहिलं असेल जे आपल्याकडून निसटलं.

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७५७ मध्ये अभिरुचीच्या निकषावर निबंध लिहिला. त्यात त्याने ‘डॉन किहोते’मधली एक गोष्ट वापरली आहे. सांचोच्या घराण्यातल्या दोघांना पिंपातल्या वाइनची पारख करायला बोलावलं. एक म्हणाला, वाइन चांगली आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, चांगली आहे, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाही हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी चामड्याची वादी लावलेली किल्ली निघाली. ह्यूमला यातून सूक्ष्म रसनेचं महत्त्व सांगायचं होतं. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. दोघांपैकी एकालाही पूर्ण किल्ली कळली नव्हती. दोघांनी आपापलं सांगितलं म्हणून ती कळण्याची शक्यता निर्माण झाली. ‘ज्याची त्याची चव’ म्हणून ते गप्प बसले असते तर पिंपात किल्ली आहे अशी शंकाही कुणाला आली नसती.

मग आज तर सगळेच आपलं मत सांगत असतात, ही तर सुगी झाली, असं कुणी म्हणेल. आपण सांगतो ते बहुतेक वेळा मत नसतं, आकडा असतो. किती तारे, किती लाइक, किती आठवडे, किती कोटी. आकड्याने माणसाची पारख कशी बिघडते यावर अमेरिकेत मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी एक प्रयोग केला. तो २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १४ हजारांहून अधिक लोकांना अपरिचित बँडची ४८ गाणी ऐकायला दिली. काहींना फक्त गाणी दिली. बाकीच्यांचे आठ वेगवेगळे गट केले आणि आपल्या गटात कोणतं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं तो आकडा त्यांना दाखवला. आकडे दिसणाऱ्या गटांत गाजलेली गाणी अधिकच गाजली, मागे पडलेली अधिकच मागे पडली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणतं गाणं वर जाणार हे गटागणिक बदललं. अगदी चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्या गाण्यांचं काहीही होऊ शकत होतं. आणि बहुतेक कला मधलीच असते. तिला खऱ्या पारखीची सर्वांत जास्त गरज असते.

या गटांतले लोक एकत्र होते असं म्हणता येईल का? ते एकमेकांच्या निवडी पाहत होते, पण कारण कुणी कुणाला सांगत नव्हतं. ‘तिसऱ्या कडव्यात ढोल थांबतो आणि नुसता आवाज उरतो, ते ऐक’ असं म्हणण्याची सोयच नव्हती. कारण ऐकलं की माणूस परत कलाकृतीकडे जातो आणि तपासतो. आकडा पाहिला की तो गर्दीकडे जातो. प्रयोग संपल्यावर पुढची रांग उभी राहिली म्हणून मागची रांग उभी राहते आणि सगळं नाट्यगृह उभं राहून टाळ्या वाजवतं, हे आता जवळपास प्रत्येक प्रयोगाला दिसतं. कलावंतांनाही त्यातून काही कळत नाही. त्यांच्यातल्या जाणत्यांना विचारा, त्यांना कुठला विनोद पडला आणि कुठल्या क्षणी प्रेक्षक सुटले याची जास्त काळजी असते. दालनांमध्ये तर बोलणं जवळपास बंदच आहे. चित्रप्रदर्शनाच्या दाराशी टेबलावर अभिप्रायवही असते. ती चाळून पाहावी: ‘अप्रतिम’, ‘खूप सुंदर’, ‘रंगसंगती छान’, ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’. लिहिणाऱ्यांचं प्रेम खरं आहे. पण दोन-तीन वर्षं खपून वीस चित्रं केलेल्या माणसाला घरी नेण्यासारखं त्यात काय आहे? एखाद्याने ‘सातव्या चित्रात डावीकडचा निळा रंग मला बाहेर ढकलतो’ एवढं लिहिलं तरी त्याला महिनाभर पुरेल.

तपशिलात शिरणारं बोलणं ही शिकल्या-सवरल्यांचीच गोष्ट असते असं मानण्याचं कारण नाही. सिंधुदुर्गात भजनाची डबलबारी होते. दोन बुवा, दोन मेळ, प्रत्येकाकडे पेटी, पखवाज, झांजा आणि कोरस धरणारी मंडळी. एका बुवाची बारी झाली की दुसऱ्याची. रूपाचा अभंग, अभंग, गौळण, गजर असा क्रम सरकत जातो आणि रात्र चढते. पहिल्या बुवाने गजरात काही चाल लावली किंवा पुराणातला एखादा प्रश्न टाकला की दुसऱ्याला आपल्या बारीत त्याला उत्तर द्यावं लागतं. ऐकणारे मांडवात मांडी घालून बसलेले असतात. त्यात शेतकरी, रिक्षावाले, गणपतीला मुंबईहून आलेले चाकरमानी. उत्तर चुकवलं की कुजबुज होते. नुसत्या चिमट्यांवर वेळ मारून नेली तर म्हातारे हात झटकतात. आणि सकाळी चहाच्या टपरीवर पुन्हा सगळं उकरलं जातं: अमक्याचा पखवाजवाला तिसऱ्या गजराला ढिला पडला, तमक्याने गौळण उचलली छान पण शब्द खाल्ले. कुणी एकाची बाजू घेतली की दुसरा त्याच बारीतली ओळ गुणगुणून त्याला दाखवतो. रत्नागिरीकडे शक्ती-तुऱ्याचे सामने असतात. त्यांच्या मागे कलगी-तुऱ्याची जुनी परंपरा आहे: एका फडाने भेदिक सवाल घालायचा आणि दुसऱ्याने काव्यातच तो सोडवायचा, सगळा गाव समोर बसलेला असताना. इथे पारखणारे आणि ऐकणारे असे दोन वर्ग नाहीत. पुरावा सगळ्यांनी मिळून ऐकलेला असतो आणि तो आठवणीत ठेवणं हे प्रतिष्ठेचं काम असतं.

शहरांतही अशा जागा होत्या. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ने प्रायोगिक नाटकांचं जे केंद्र चालवलं, तिथे नाटक करणारे आणि बघणारे एका जिन्यावरून उतरत. लेखकाला पळून जायला मागचं दार नसे. १९६८ मध्ये सुरू झालेल्या प्रभात चित्र मंडळाने मुंबईत जगभरचा सिनेमा दाखवला आणि त्यावर बोलायची सवय लावली. संगीतात वामनराव देशपांडे हे मला फार मोठं उदाहरण वाटतं. पेशाने हिशेबनीस. त्यांच्या घरी गवयांची ये-जा असे, मैफली होत, वाद होत. त्या ऐकण्यातून आणि बोलण्यातून १९६१ मध्ये ‘घरंदाज गायकी’ हे पुस्तक आलं. घराणी लयीला आणि स्वराला किती महत्त्व देतात यावरून त्यांची मांडणी करण्याचा त्यांचा प्रयत्न पुढे पुष्कळांनी खोडून काढायचा प्रयत्न केला, आणि खोडता येण्याइतकं स्पष्ट त्यांनी लिहिलं हेच त्यांचं योगदान आहे.

मात्र या जागांबद्दल हळवं होताना तिथे कोण नव्हतं हेही सांगायला हवं. छबिलदास आणि पुण्याचं समांतर वर्तुळ मुख्यतः उच्चवर्णीय, मध्यमवर्गीय होतं. त्याच मुंबईत लालबाग-परळला कामगार रंगभूमी चालली, त्याआधी अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने मैदानं भरवली. त्या प्रेक्षकांनी जे म्हटलं ते नियतकालिकांत क्वचितच छापलं गेलं, म्हणून मराठी रंगभूमीवर ‘चर्चा’ झाली ती पहिल्या वर्तुळात झाली असं आपण आजही लिहितो. तमाशाचं मूल्यमापन फार काळ दोनच प्रकारे झालं: समोर बसलेल्यांनी शिट्ट्यांनी केलं आणि न बसलेल्यांनी नीतीच्या भाषेत केलं. नाट्यशास्त्राने दहा प्रकारचे डोळे मागितले होते. एकाच जातीच्या, एकाच वाचनाच्या माणसांनी रात्रभर चर्चा केली तरी तिच्यात एकच डोळा दहा वेळा बोलत असतो. म्हणून हे बोलणं परत आणायचं तर जुन्या जागा जशाच्या तशा परत आणून भागणार नाही.

दुसरा आक्षेप याहून कठोर आहे. माणसं एकत्र आली की ती कलेशी क्रूरपणे वागतात. १८६३ मध्ये पॅरिसच्या अधिकृत सालोंने हजारो चित्रं नाकारली. ओरड झाली तेव्हा तिसऱ्या नेपोलियनने नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरवायला लावलं, लोकांनीच ठरवावं म्हणून. लोक आले आणि माने या चित्रकाराच्या, गवतावर न्याहारी करणाऱ्या मंडळींच्या चित्रापुढे उभं राहून हसले. परीक्षक चुकले होते आणि जमावही चुकला. आपल्याकडे १९५४ मध्ये अकबर पदमसींच्या ‘लव्हर्स’ या चित्रावरून जहांगीर कलादालनात पोलीस आले. चित्र उतरवायला नकार दिला म्हणून त्यांना अटक झाली. न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला आणि १९ प्रयोगांनंतर ते नाटक ज्या संस्थेने उभं केलं तिच्याच पदाधिकाऱ्यांनी ते थांबवलं. मग १९७३ मध्ये कलावंतांनी बाहेर पडून थिएटर अकॅडमी काढली आणि प्रयोग चालू केले.

या उदाहरणांनी मी विचारात पडतो, पण माझं मत बदलत नाही. ‘घाशीराम’मधलं नाना फडणवीसाचं चित्रण इतिहासाला धरून आहे का, आणि नसेल तर नाटककाराला तेवढी मोकळीक असावी का, हा प्रश्न पूर्ण रास्त होता. तो नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर, सभेत, लेखांत लढवला जायला हवा होता, आणि काही प्रमाणात तो लढवला गेलाही. प्रयोग थांबवला की ज्या गोष्टीबद्दल वाद आहे तीच गोष्ट नाहीशी होते; मग उरतात ते ऐकीव गोष्टींवर भांडणारे लोक. बंदी मागणारा माणूस पारख करत नसतो. उरलेल्यांना पारख करता येऊ नये अशी त्याची मागणी असते. मानेच्या चित्रापुढचं हसू मात्र वेगळं होतं, आणि ते मला जास्त अस्वस्थ करतं, कारण त्या लोकांनी चित्र पाहिलं होतं. पण त्यातल्या कुणाला बाजूच्याने विचारलं नव्हतं, ‘नेमकं कशाला हसलात? त्या बाईच्या बघण्याला? सपाट रंगाला? मागच्या आकृतीच्या आकाराला?’ हसू संसर्गाने पसरतं, कारण मात्र प्रत्येकाला स्वतःचं द्यावं लागतं.

अभिनवगुप्ताने ‘तंत्रालोका’त म्हटलं आहे की नृत्यगायनाच्या सभेत सगळ्यांचं चित्त एकरूप होतं, प्रत्येकाचा आनंद दुसऱ्यात प्रतिबिंबित होऊन वाढतो, आणि एखादाच तन्मय न होणारा तिथे असला तर तो आनंद आकसतो. मैफलीत समेवर दहा माना एकदम हलतात तेव्हा याचा प्रत्यय येतो, आणि शेजारी कुणी मोबाइल उघडला की त्याचाही. प्रयोग चालू असेपर्यंत अभिनवगुप्ताचं म्हणणं मला पूर्ण पटतं. प्रयोग संपल्यावर मात्र तो न रमलेला माणूसच मला हवा आहे. सगळे विरघळले असताना तो कशामुळे बाहेर राहिला? कधी त्याचं लक्ष नव्हतं एवढंच निघेल. कधी असं निघेल की नाटकातल्या ज्या पात्रावर सगळे हसत होते ते त्याच्या वस्तीतलं होतं. ही दुसरी शक्यता ऐकून घेण्याइतका वेळ जिथे नाही, तिथल्या एकरूपतेबद्दल मला शंका येते.

म्हणून माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. स्पर्धेच्या परीक्षकांनी निकालपत्रासोबत प्रत्येक प्रयोगावर चार वाक्यं लिहून द्यावीत आणि दुसऱ्या दिवशी तासभर मुलांसमोर बसावं. मुलांनी त्यांना उलट प्रश्न विचारावेत. परीक्षक तीनच असले तरी त्यातला एक नाटकाबाहेरचा असावा, त्या वर्षीच्या विषयांशी ज्याचा रोजचा संबंध आहे असा. नाट्यगृहाचं सत्र संपलं की दिवे घालवायची घाई असते, पुढच्या प्रयोगाचं सामान दारात उभं असतं, हे मला ठाऊक आहे. पण महिन्यातून एक प्रयोग अर्धा तास लवकर सुरू करून नंतर प्रेक्षकांशी चर्चेला वेळ ठेवणं कोणत्याही संस्थेला अशक्य नाही. अशा चर्चेत पहिली दहा मिनिटं मत सांगायला बंदी असावी, फक्त काय दिसलं ते सांगावं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर विद्यार्थ्यांना ‘पथेर पांचाली’ तुकड्या-तुकड्याने दाखवून शिकवत. त्या पद्धतीचा गाभा हाच: कॅमेरा कुठे आहे, कोण चौकटीत आलं, कोणता आवाज आधी ऐकू आला, हे आधी. बरं-वाईट त्यानंतर.

आणि याची सुरुवात शाळेतच व्हायला हवी. महाराष्ट्रात दरवर्षी प्रचंड संख्येने मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र करतात, पाण्याचे डबे आणि पोस्टर कलर घेऊन परकी केंद्रं गाठतात. काही महिन्यांनी अ, ब किंवा क श्रेणी येते. ते चित्र परत मिळत नाही, श्रेणी का मिळाली हे कुणी सांगत नाही, आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीने त्याच विषयावर काय काढलं हे कधी कळत नाही. कलेबद्दल समाजाने दिलेला पहिला निकाल आपल्यातल्या कितीतरी जणांच्या हातात असा कारणाविना पडलेला असतो. पुढे आयुष्यभर ‘मला चित्रकलेतलं काही कळत नाही’ म्हणणाऱ्यांची जी मोठी संख्या आपल्याकडे आहे, तिच्या मुळाशी हा अनुभवही असावा असं मला वाटतं.

परीक्षा राहू द्या. पण तिच्या सरावाच्या महिन्यांत आठवड्यातून एकदा वर्गातली सगळी स्मरणचित्रं भिंतीवर लावता येतील. ‘बाजारातलं दृश्य’ हा एकच विषय आणि चाळीस बाजार. आधी मुलांनी एकमेकांच्या चित्रात काय आहे ते सांगायचं: याच्या बाजारात सगळे ग्राहक पाठमोरे आहेत, हिच्या बाजारात तराजू माणसापेक्षा मोठा आहे, त्याच्या बाजारात फक्त विकणाऱ्या बायका आहेत. मग ते तसं का वाटतं ते सांगायचं, आणि ज्याचं चित्र आहे त्याने सगळ्यांत शेवटी बोलायचं. मासळी विकणाऱ्या आईची मुलगी त्या भिंतीकडे पाहून जे सांगेल ते कलाशिक्षकाला सांगता येणार नाही. जिथे कलाशिक्षकाचं पद वर्षानुवर्षं रिकामं आहे अशा शाळांतही हे करता येईल. त्याला एक मोकळी भिंत, टाचण्या आणि वेळापत्रकातला एक तास लागतो.